राखाडी

हर्षवदनभाईंनी फाटक उघडलं
तेव्हा ती कडुलिंबाखाली उभी होती,
चंदेरी म्हणवणार नाही असा राखाडी रंग,
मकरपुऱ्यातल्या कुठल्याही कारखान्यात
परचेस मॅनेजरला मिळते तशी.
मागच्या झाकणावर दोन अक्षरं होती एकेकाळी.
ती त्यांनीच काढली, हेअर ड्रायरनं गोंद तापवून,
गाडी घेतली त्याच आठवड्यात.
उन्हात तिरकं पाहिलं तर सावली अजून दिसते.
"लोकोने शुं काम?" म्हणाले.

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात
बावीस वर्षं गुणपत्रिका तपासते.
फाईल पाहून मला माणूस कळतो.
यांची फाईल: दर पाच हजारांवर ऑइल,
टायमिंग बेल्ट मुदतीच्या आधी,
एका फ्यूजची पावती, अठरा रुपये,
आणि एका बिलाच्या कडेला पेन्सिलीनं:
पाऊस होता, हळू आलो.
मी घासाघीस करायची विसरले.

श्रीरंग म्हणाला, एवढ्यात नवी आली असती,
छोटी, वॉरंटीवाली, पडद्यावर नकाशा दाखवणारी.
खरं होतं.
नणंदेनं फोटो पाहून विचारलं,
टॅक्सी पासिंग आहे का गं?
मी म्हटलं, तुझी पेटी, तबला
आणि मंगलाचा रुखवत एकदम मावतो डिकीत.
हेही खरंच होतं.
तिसरं खरं मी कुणाला सांगितलं नाही.

प्रतापनगरला इद्रीसनं इंजिन चालू ठेवून
बराच वेळ मान कलती केली,
एका रबरी नळीवरून बोट फिरवलं, हुंगलं.
"बेन, आने ऊंघवा ना देता."

दुमाडला द्रुतगती मार्गावर चढताना
पहिल्यांदा पाय पुरता दाबला.
आधी काहीच नाही.
दोन श्वास इतकं काहीच नाही
की मी मनात श्रीरंगची माफी मागायला घेतली.
मग पाठीवर कुणीतरी हात ठेवला,
अख्खा पंजा,
आणि शेजारची ट्रकांची रांग
ताटाखालचा कागद ओढावा तशी मागे गेली.
शंभराला पाय उचलला. मर्यादा शंभराची आहे.
उरलेलं पायाखाली आहे, एवढं पुरे.
म्हणजे पुरत नाही. पण असो.

अकोट्याच्या सिग्नलला एकदा शेजारी
लाल रंगाचं, चार नळकांडी लावलेलं काहीतरी
गुरगुरत थांबलं. आतल्या पोरानं पाहिलं:
सुती साडी, सीटवर डबा, मागच्या काचेपाशी
टिश्यूचा खोका. पाहणं संपलंही त्याचं.
दिवा हिरवा झाला.
अशांना मी जाऊ देते.
बहुतेक वेळा.

फाल्गुनात फोन आला. हर्षवदनभाई.
डोळ्यांचा पडदा गेला, लायसन्स पुढे झालं नाही.
"चालवायची नाही. बसायचंय फक्त."
बसले. पट्टा लावला. हात गुडघ्यांवर,
डोळे मिटलेले, निजल्यासारखे.
"त्रण हजार," म्हणाले.
मी काटा पाहिला. तीन हजार.
आणंदच्या अलीकडे, पुलाच्या चढावर:
"हवे साडा त्रण."
साडेतीन.
नडियादपर्यंत एकदाच चुकले, दोनशेंनी,
तर म्हणाले, काटा खोटा दाखवतोय.
टोलचे पैसे त्यांनीच दिले, सुटे मोजून,
मला बोलू दिलं नाही.

उतरताना रुमालानं दाराची मूठ पुसली.
समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं,
काका, तुमचाच ना हा डबा? अजून चालतो?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
मीही त्यांच्याकडे.
"चाले छे," म्हणाले.
"ठीक ठीक."